पितळ उघडे पडणे

वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीत पाण्याला पितळेचा हंडा असे आणि गृहिणीच्या गळ्यात सोन्याचे दोन मणी.

दोन्ही पिवळी, परंतु सोने मूळ धातू, तर पितळ तांबे व जस्त यांचे मिश्रण. सोने हवेने काळवंडत नाही. पितळ चिंचेने घासावे लागते. कसोटीवर दोहोंची रेघ पिवळीच उमटते, पण तेजाब लागताच पितळेची विरून जाते.

मग पितळ खोटे काय? वाचकहो, नव्हे. खोटा तो मुलामा. हंड्याचे पितळ नित्य उघडेच होते. म्हणून ते कधी ‘उघडे पडले’ नाही. आपणही रोज घासून घ्यावे, परंतु सोने म्हणून मिरवू नये.