श्रेयाचा धनी कोण?

सार्वजनिक बांधकामांना पारितोषिके देण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. पूल, बोगदा अथवा धरण पुरे झाले, की ज्या व्यवस्थापक कंपनीने आखणी, ठेके व देखरेख सांभाळली तिच्या नावे मानपत्र निघते. वास्तविक तिने एक दगडही उचललेला नसतो. पुष्कळदा गणितही दुसऱ्यानेच मांडलेले असते. तेव्हा हा मान न्याय्य, की परक्याच्या कमाईवर सांगितलेला हक्क, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडेल. तो नुसत्या तर्काने सुटण्यासारखा नाही. एक उदाहरण घेणे बरे.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल 27 मे 1937 रोजी खुला झाला. पुढे अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने आधुनिक जगाच्या सात आश्चर्यांत त्याची गणना केली. त्याचे प्रमुख अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांची स्वतःची कंपनी होती, पण तिचा लौकिक उघडझाप करणाऱ्या लहान पुलांचा. येथे त्यांनी प्रथम काढलेला आराखडा बोजड व कुरूप होता. तो टाकून द्यावा लागला. आज दिसणाऱ्या डौलदार झुलत्या पुलामागील सिद्धांत मुख्यतः लिऑन मोइसेफ यांचा, आणि किचकट आकडेमोड चार्ल्स एलिस या ग्रीक व गणित शिकलेल्या गृहस्थांची. 1931 च्या अखेरीस स्ट्रॉसनी एलिसना रजेवर पाठविले आणि परत म्हणून बोलाविले नाही. एलिस मात्र विनावेतन तीच गणिते घरी पुन्हा तपाशीत बसले. मनोऱ्यांच्या आकड्यांविषयी त्यांचे समाधान झाले नव्हते. पुलावरील पाटीवर त्यांचे नाव आले नाही. 1949 साली ते वारले, आणि पुलाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने त्यांचे श्रेय अधिकृतपणे मान्य केले ते 2007 साली!

इतके कळल्यावर स्ट्रॉस यांस केवळ लबाड ठरविण्याचा मोह होतो. मला तो निवाडा पटत नाही. होड्यांची वाहतूक करणाऱ्या कंपन्यांचा विरोध, लष्करी खात्याची शंका, कोर्टकज्जे, या सर्वांशी हा मनुष्य दहा वर्षांहून अधिक काळ झगडला. 1930 साली आसपासच्या लोकांनी आपली घरे व शेते तारण ठेवून साडेतीन कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांस मते दिली. ही खटपट झाली नसती, तर एलिस यांची गणिते वहीतच राहती. माणसे जमविणे हेही कर्तृत्वच होय.

त्याहून मोठी गोष्ट जाळ्याची. दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मजूर दगावणार, असा त्या काळच्या बांधकामात सर्वमान्य हिशेब असे. आणि तो किती निर्विकारपणे केला जाई! स्ट्रॉसनी तो मानला नाही. पुलाखाली त्यांनी दोरांचे मोठे जाळे बांधविले, आणि त्यात पडून एकोणीस माणसे वाचली. येथे ना एलिस, ना मोइसेफ. हे श्रेय निःसंशय व्यवस्थापकाचे. आराखड्याच्या श्रेयाचा हव्यास त्यांना का सुटला नाही, याचे नवल वाटते.

परंतु 17 फेब्रुवारी 1937 रोजी एक अवजड फळा निखळून जाळ्यावर कोसळला, जाळे फाटले, आणि दहा मजूर समुद्रात बुडून मेले. फळा ठेकेदाराचा होता हे खरे. तथापि ठेकेदारावर लक्ष ठेवणे हेच तर व्यवस्थापकाचे काम. एकोणीस जीव ज्याच्या जमेस धरावयाचे, त्याच्या नावे हे दहाही मांडले पाहिजेत. पारितोषिके देणाऱ्या पंचांनी कंपन्यांकडून चित्रांबरोबर हाही जमाखर्च मागवावा, आणि गणिते कोणी केली त्यांची नावेही.