दोषाची वाटणी

आमच्याकडं भाऊबंदकी पेटली की कडब्याची गंज पेटायची. भांडण बांधाचं असो नाहीतर पाटाच्या पाण्याचं, एखाद्या रात्री गंजीतून लोळ उठायचा. कुणी पेटवली हे नाव न घेताही सकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक असायचं. कारण रागाला तिथं पत्ता होता. ज्याच्यावर राग, त्याचीच गंज. वाईटच ते, पण समजण्यातलं वाईट.

म्हणून 2003 च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातल्या देगू शहराची बातमी पेपरात आली तेव्हा ती डोक्यात शिरेना. 18 तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला, जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेत एकानं आग लावली. किम दे-हान त्याचं नाव, वय 56. पूर्वी टॅक्सी चालवायचा. लकवा मारून अंग अधू झालेलं, उपचारांवरही तो चिडलेला. त्याला मरायचं होतं. पण एकट्यानं नको, गर्दीत. डब्यातल्या कुणाशी त्याचं भांडण नव्हतं. 192 माणसं गेली आणि तो मात्र वाचला.

पारावर तात्या म्हणाले, "असल्याला जित्ता ठिवूच नये." कुणी म्हणालं, "आजारानं डोकं फिरलं आसंल, इचाऱ्याचं." लकव्यानं ओसरीवर पडून असलेली माणसं आमच्या गावातही होती. दिवसभर करवादायची, घरच्यांना शिव्या घालायची, मरण मागायची. पण दुसऱ्याचं मरण कुणी मागितलं नाही. दुखणं खरं असतं. त्यामुळं माणूस का बिथरला ते कळतं, पण केलेलं काही पुसलं जात नाही.

तरी मला छळलं ते बातमीतल्या पुढच्या गोष्टीनं. मेलेल्यांतली बहुतेक माणसं त्यानं पेटवलेल्या गाडीतली नव्हतीच. ती गाडी जळत असतानाच समोरून दुसरी गाडी स्टेशनात येऊन शेजारी उभी राहिली. वीज गेली. धूर आत येऊ नये म्हणून दारं मिटलेली. चालकानं लोकांना जागेवरच थांबायला सांगितलं आणि स्वतः वरच्यांना विचारत राहिला. शेवटी तिथून निघायला सांगितल्यावर तो मुख्य किल्ली काढून घेऊन निघून गेला. त्या किल्लीवाचून दारं उघडत नव्हती. आतली माणसं घरी फोन करत होती.

आज्जीची शिकवण होती, "गोठ्याला आग लागली की आधी दावं काप, मग पाण्याला पळ." कारण बांधलेलं जनावर स्वतःचा जीव वाचवू शकत नाही. त्या चालकानं काडी ओढली नव्हती. तो दुष्ट होता असंही मला वाटत नाही. घाबरला असेल, रोजच्या सवयीनं हात किल्लीकडं गेला असेल. पण दावं त्याच्या हातात होतं.

मग पाप कुणाचं? इथं आपण एक चूक करतो. दोष म्हणजे वडिलोपार्जित जमीन समजतो. चालकाच्या नावावर चार गुंठे लावले की आग लावणाऱ्याचे चार गुंठे कमी होतील, असं वाटतं. किंवा सगळा सातबारा एकट्याच्या नावावर केला की बाकीचे मोकळे. तसं नसतं. आग लावणाऱ्याचा दोष पुरा. त्यातला कणभरही दुसऱ्याकडं जात नाही. आणि चालकाचा दोष त्याचा स्वतःचा, वेगळा. पेट घेतील, विषारी धूर ओकतील अशा वस्तूंनी डबे सजवणाऱ्यांचा आणखी वेगळा. ही वाटणी होतच नाही. प्रत्येकाला आपापलं अख्खं मिळतं.

कोर्टानं किमला जन्मठेप दिली. पुढच्याच वर्षी तो तुरुंगात आजारानं मेला. दोन्ही गाड्यांच्या चालकांनाही शिक्षा झाल्या. तात्यांना ते पटलं नाही. "आग लावणारा घावला न्हवं? मग गरिबाला कशापायी आत घातलं?" मी म्हणालो, "तात्या, गंज पेटवणारा घावला म्हणून गोठ्यातली बांधलेली गाय जिती हुती का?" ते काही बोलले नाहीत. चंची सोडून पानाला चुना लावत बसले.

पुढं कोरियात गाड्यांच्या सीटा सहज पेट न घेणाऱ्या केल्या. आग लावणारा एकच होता म्हणून सारा देश गप्प बसला असता, तर ते झालंच नसतं.