वड्याचे तेल वांग्यावर

ज्या हाताने सहा वर्षे दूध घातले त्याच हाताला मांजर चावले, म्हणजे माणूस आधी हिशेब करतो आणि मग ओरडतो. मीही हिशेब केला. सहा वर्षांचे दूध, आमच्या शाकाहारी घरात आईच्या नाकाला चुकवून आणलेले सुके बोंबील, तिने फाडलेले दोन पलंगपोस, आणि 'ठकी' हे नाव ठेवताना झालेली दीड तासाची कौटुंबिक चर्चा. एवढी सगळी गुंतवणूक, आणि परतावा काय, तर उजव्या मनगटावर चार भोके!

प्रसंग मंगळवारी संध्याकाळचा. मी कचेरीतून आलो तेव्हा ठकी गॅलरीच्या कठड्यावर बसून जाळीतून खाली पाहत होती. शेपूट इकडून तिकडे आपटत होती. मला वाटले, माझी वाट पाहून पाहून बिचारी अस्वस्थ झाली आहे. स्वतःविषयी असे गैरसमज करून घेण्याची माझी जुनी सवय आहे. मी "काय म्हणतात ठकूबाई?" असे म्हणत तिला मागून उचलले. पुढच्या दोन सेकंदांत काय झाले ते नीट सांगता येणार नाही. एक किंकाळी ऐकू आली. ती ठकीची होती असे माझे म्हणणे. हिचे म्हणणे वेगळे आहे. ठकी पलंगाखाली गेली आणि तिथून प्रेशर कुकरची शिटी होण्याआधी येतो तसा आवाज यायला लागला.

आई हळदीचा डबा घेऊन धावत आली आणि तिने मूठभर हळद मनगटावर दाबली. नंतर डॉक्टरांनी ती पाहिली तेव्हा कपाळाला हात लावला.

"हळद, चुना, तिखट, काही काही लावायचं नसतं. आधी साबण आणि वाहतं पाणी. धुतलीत ना जखम?"

"धुतली की. चांगली धुतली."

"चांगली म्हणजे किती? १५ मिनिटं धुवायची असते. घड्याळ लावून."

१५ मिनिटे मी अंघोळीलाही घेत नाही. तरी दवाखान्याच्या नळाखाली शाळकरी मुलासारखा उभा राहिलो. मांजराचा दात सुईसारखा. वरून भोक दिसते एवढेसे, पण जंतू खोल जाऊन बसतात, असे डॉक्टर म्हणाले. जखमेभोवती एक औषध टोचले, आणि शिवाय रेबीजच्या लशीचे वेळापत्रक हातात दिले: दिवस शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस. पहिल्या दिवसाला वैद्यकशास्त्र शून्य म्हणते हे मला पटले. त्या दिवशी घरात माझी किंमत तेवढीच उरली होती.

"एवढीच?" आई घरी आल्यावर म्हणाली. "आमच्या वेळी पोटात चौदा देत." तिच्या आवाजात थोडी निराशा होती.

बुधवारी ठकीने हिच्या पावलावर झडप घातली. दात लागले नाहीत, पण त्या रात्री आमच्या घरात गोलमेज परिषद भरली. शेजारचे काका अशा वेळी न बोलावता येतात. ते म्हणाले, "एकदा रक्ताची चटक लागली की संपलं. पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडा. मांजर कुठंही पोट भरतं."

"आमच्या मामंजींनी एकदा सोडलं होतं," आई म्हणाली. "ते घरी परत येईपर्यंत मांजर ओट्यावर बसलेलं."

चिरंजीव मोबाइलमधून डोके वर काढून म्हणाले, "पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं हा गुन्हा आहे, बाबा. १९६० चा कायदा आहे." बापाला तुरुंगात जाताना पाहण्याची शक्यता त्याला फारशी दुःखद वाटलेली दिसली नाही.

ही काही बोलली नाही. तिने फक्त पाय वर घेऊन बसायला सुरुवात केली होती. चहा आला. आईने घेतला नाही. मंगळवारपासून तिने चहा सोडला होता. "पित्त होतं," म्हणाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. हात ठणकत होता, आणि ज्याचा हात ठणकतो त्याला तत्त्वज्ञान सुचते. मी स्वतःला प्रश्न केला: ठकी गुन्हेगार आहे का?

जुन्या काळी युरोपातल्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर सरळ 'होय' असे दिले होते. १३८६ साली फ्रान्समधल्या फालेज या गावी एका डुकरिणीवर मूल मारल्याचा आरोप ठेवून रीतसर खटला चालवला आणि तिला फाशी दिले. पुढे त्याच फ्रान्सात देकार्त झाला. त्याचे मत, जनावर हे एक यंत्र आहे. म्हणजे ठकीवर रागावणे हे सुरू न होणाऱ्या स्कूटरवर रागावण्यासारखे. हे मला पटेना, कारण स्कूटरलाही मी लाथ मारतोच. आणि आपल्याकडे पंचतंत्रात ती मुंगसाची गोष्ट आहे. तोंडाला रक्त लागलेले मुंगूस पाहून बाई त्याला ठार करते आणि आत जाऊन पाहते तो मूल सुखरूप, शेजारी मेलेला साप. चौकशी न करता निकाल दिला की काय होते, ते सांगणारी ती गोष्ट. लहानपणी मला त्या बाईचा भारी राग येत असे. पण त्या रात्री पटले, की स्वतःचे मनगट सुजलेले असताना चौकशीची हौस कुणाला राहत नाही.

गुरुवारी मी रजा टाकली. ठकी जरा निवळली होती. बोंबलाचे आमिष दाखवून तिला झाकणाच्या टोपलीत घेतले आणि रिक्षात बसलो. कुठे जातो ते घरात कुणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. मध्यमवर्गीय घरांतली पुष्कळ पापे अशीच एकमताने होतात.

रिक्षावाल्याने टोपलीतला आवाज ऐकला. "मांजर का, साहेब? दवाखान्यात?"

आता त्याला 'नाही, नदीपलीकडे टाकायला' असे कसे सांगणार? माणूस देवाला भीत नाही इतका रिक्षावाल्याला भितो. मी म्हणालो, "हो."

"माझ्या पण घरी दोन आहेत. चला, चांगल्या डॉक्टरीणबाईंकडे सोडतो." त्याने रिक्षा वळवली. अशा रीतीने माझी सदसद्विवेकबुद्धी मीटरवर चालून दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी ठकीचे दात पाहिले, पोट चाचपले, सांधे हलवून पाहिले. "मांजर दुखणं लपवतं," त्या म्हणाल्या. "दात दुखत असेल, लघवीला त्रास असेल, तर हात लावल्यावर चावतं. म्हातारपणी थायरॉइड वाढलं तरी चिडचिड होते. पण हिला तसं काही दिसत नाही. मला सांगा, चावली तेव्हा ती बघत कुठं होती?"

"खाली. गॅरेजच्या पत्र्याकडे."

"पत्र्यावर काय होतं?"

मी आठवून पाहिले. पत्र्यावर एक पिवळा, गलेलठ्ठ बोका बसला होता. आठवड्यापूर्वी कुठून तरी आला होता आणि आमचा सबंध वाडा आपल्या नावावर झाल्यासारखा हिंडत होता.

"मग झालं तर!" बाई म्हणाल्या. "त्याला बघून हिचं अंग लढायला उठलं होतं. मध्ये जाळी. त्याच्यापर्यंत पोचता येईना, आणि तेवढ्यात तुम्ही मागून हात घातलात. तुम्हाला नाही चावली ती, त्या बोक्याला चावली. तो राग काही तास राहतो, कधी कधी दोन-तीन दिवससुद्धा."

म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर! पशुवैद्यक शिकायला पाच-साडेपाच वर्षे लागतात. आमच्या आजीने ते तीन शब्दांत सांगून ठेवले होते.

उपायही सोपे निघाले. मारायचे नाही, ओरडायचे नाही, समजूत घालायला उचलायचे तर मुळीच नाही. तिला एका अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवायचे. जवळ पाणी, खाणे आणि मातीचे घमेले. आणि ती आपण होऊन बाहेर येईपर्यंत वाट पाहायची. जाळीला खालून पुठ्ठा लावून बोका दिसेनासा करायचा. अंगावर आलीच तर मध्ये उशी धरायची. "आणि तिनं तुम्हाला आधी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "शेपूट आपटत होती, कान मागं गेले असतील, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या असतील. तुम्ही वाचलं नाहीत."

परत येताना टोपली मांडीवर होती आणि आत ठकी मुकाट बसली होती. मला हलके वाटायला हवे होते. पण एक गोष्ट मी डॉक्टरीणबाईंना सांगितली नव्हती, आणि वाचकहो, तुम्हालाही आतापर्यंत सांगितलेली नाही.

मंगळवारी दुपारी कचेरीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर झाडले होते. चूक माझी नव्हती. त्यांना त्यांच्या वरच्या साहेबांनी सकाळी झाडले होते. मी "हो सर, हो सर" म्हणालो. घरी आलो तर आईने विचारले, "चहा ठेवू का रे?" तिला हल्ली ऐकू कमी येते. मी "नको" म्हटले ते तिला कळले नाही. तिने पुन्हा विचारले. पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी मी ओरडलो, "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला? डोकं खाऊ नकोस!" आणि मग, जरा बरे वाटावे म्हणून, गॅलरीत ठकीला उचलायला गेलो.

म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिला चावा मी घेतला होता. ठकीचा नंबर दुसरा. पहिल्या चाव्याची परिषद भरली नाही. ज्याने चावा घेतला त्याला नदीपलीकडे सोडावे असे कुणी सुचवले नाही. आणि जिला चावा बसला ती दहा मिनिटांत हळद घेऊन धावत आली.

कारण कळले म्हणून ठकीला माफ करायचे, तर मलाही माफ करायला हवे. माझ्याही पत्र्यावर बोका होताच. मग साहेबांनाही, त्यांच्या साहेबांनाही. असे वर वर जात राहिले तर जगात अपराधी म्हणून कुणी उरतच नाही. पण रिक्षात बसल्याबसल्या मला एक फरक दिसला, आणि तो काही केल्या पुसता येईना. ठकीचे वजन चार किलो, माझे बहात्तर. तिच्या हाताशी जो आला त्याला ती चावली. तो आपल्या अठरापट आहे हे तिने पाहिले नाही. माझा राग मात्र फार हुशार. तो साहेबांसमोर तोंडातून निघाला नाही, रिक्षावाल्यासमोर निघाला नसता, शेजारच्या काकांसमोरही नाही. तो मुकाट्याने बस बदलत घरी आला आणि चाळीस किलोच्या म्हातारीसमोर नेमका बाहेर पडला. ठकीचे तेल जवळ दिसेल त्या वांग्यावर पडते. आम्ही माणसे वांगे निवडून घेतो.

घरी आलो. ठकीला मागच्या खोलीत ठेवून पडदा ओढला. आई देवापाशी वाती वळत बसली होती. आमच्या घरात मुलाने आईची माफी मागायची पद्धत नाही. तसे शब्दच आमच्या बोलीत नाहीत. मी जरा वेळ दारात उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "चहा ठेवतेस का गं? दोन कप ठेव."

तिला पहिल्याच वेळी ऐकू आले. "ठेवते. मांजर आणलंस का परत?"

मी बोक्याची सगळी हकिकत सांगितली. ती वाती वळता वळता ऐकत होती. मग म्हणाली, "तेच म्हणते मी. तू जवळ होतास म्हणून चावली. लांबच्याला कोण चावायला जातंय?"

हे ती ठकीबद्दल बोलत होती असे मी अजून धरून चाललो आहे.

शनिवारी ठकी आपण होऊन बाहेर आली आणि काही घडलेच नाही अशा थाटात माझ्या मांडीवर बसली. मी आधी शेपूट पाहिली, मग कान पाहिले, मग हात ठेवला. माझी अजून दोन इंजेक्शने बाकी आहेत.

बाकी सगळे पूर्वीसारखे आहे. फक्त मी संध्याकाळी कचेरीतून आलो आणि चपला जरा जोरात काढल्या, की आई स्वयंपाकघरात हिला विचारते, आणि कमी ऐकू येत असल्यामुळे ते सबंध वाड्याला ऐकू जाते:

"बघ गं जरा, आज शेपूट आपटतेय का त्याची?"