धुतलेलं जातं कुठे?

हर्णैला नारळी पौर्णिमेला आमचे बाबा सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दर्याला द्यायचे. आधी चपला काढून लांब ठेवायचे. ते बघत मोठा झालो आणि जहाजावर इंजिनियर झालो.

जहाजाचं जड तेल म्हणजे जवळजवळ डांबरच. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात जात नाही. १ जानेवारी २०२० पासून त्यातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली. ज्यांना स्वस्त तेलच जाळायचं होतं, त्यांनी स्क्रबर बसवले. आमच्याही जहाजावर बसला. धूर समुद्राच्या पाण्याने धुवायचा आणि ते आम्लाचं पाणी परत समुद्रात सोडायचं. व्हॉल्व्ह मी उघडायचो, नोंदीखाली सही माझीच. सगळं नियमात. सिंगापूरच्या बंदरात मनाई, म्हणून तिथे बंद; बाहेर पडलो की पुन्हा चालू.

तीर्थात पाप धुतलं जातं म्हणतात. पण धुतलेलं जातं कुठे? आम्ही हवेचं पाप पाण्यात ढकललं. नियम पाळला, पण धर्म पाळला असं बाबांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

मला खरा संयम वेगात दिसतो. जहाजाचा वेग दहा टक्के उतरवला की तासाला लागणारं तेल साधारण पाव हिश्शाने कमी होतं. ना नवं यंत्र, ना धुणं. फक्त माल उशिरा पोचतो. तो उशीर सोसायला आपण तयार आहोत का, हे मी घरात आता प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारतो. मुलं वैतागतात.