मोड आणि घडणावळ

आमच्या भंडारा जिल्ह्यात पितळेच्या भांड्यांचा धंदा जुना आहे. घरात लग्नकार्य निघाले, की फुटकी घागर पोत्यात घालून बाजारात न्यायची आणि नवे भांडे आणायचे, हे मी लहानपणापासून पाहत आलो. दुकानदार जुनी घागर तराजूत टाकतो. तिच्या गळ्याशी आजीचे नाव कोरलेले असते; तराजूला त्याचे काही नाही. तो मोडीचा भाव सांगतो आणि आपण मान डोलावतो. मग त्याच दुकानातली नवी घागर हाती घेतली, की पितळेच्या किमतीवर घडणावळ चढते. विकताना मोड आणि घेताना घडणावळ! मी एकदा आईला विचारले होते, की जुन्या घागरीला कोणी घडवलेच नव्हते का? आई म्हणाली, "घडणावळ वापरून संपली रे."

हे उत्तर मला मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आठवले, आणि ते एका मोटारीपायी.

तुमसरकडच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या छपरीत ती मोटार उभी होती. डॉज किंग्जवे, १९५५ सालची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात अशा अमेरिकन मोटारी जोडून बाजारात आणल्या होत्या. चाके तुसात आसापर्यंत रुतलेली; गादीच्या पोटात उंदरांनी तणशीचा संसार थाटलेला; वायरी कुरतडलेल्या. आजकालची पोरे परदेशातल्या जबर ताकदीच्या जुन्या मोटारींची चित्रे भिंतीला लावतात. पॉन्टियॅकने १९६४ साली मध्यम आकाराच्या गाडीत भले मोठे इंजिन बसवले आणि त्या जातीचे वेड तिकडे पसरले. आपल्याकडे तसले काही झाले नाही. आपल्याकडचे थोरपण म्हणजे ही असली ऐसपैस, शांत, सहा सिलिंडरांची गृहिणी.

मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. कादंबऱ्याही लिहितो, पण आजवरचे सगळे मानधन एकत्र केले, तर त्यात त्या मोटारीची दोन चाके येतील, तीही हवेशिवाय. तरीही कधीतरी एक जुनी मोटार आपली असावी, हे वेड माझ्या डोक्यात वीस वर्षे होते. गिरणीच्या मालकीणबाई, ज्यांना सारे गाव काकू म्हणते, ती मोटार काढणार असे कळले, तेव्हा मी एका ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घेऊन गेलो.

मोटारीची पारख कशी करतात, ते मी त्या दिवशी पाहिले. मिस्त्रीने चकाकीकडे, म्हणजे जिथे ती उरली होती तिथे, पाहिलेच नाही. तो पाठीवर झोपून गाडीखाली शिरला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने चासी टोचत राहिला. वरचा पत्रा बदलता येतो, चासी कुजली तर गाडी गेली, असे त्याचे शास्त्र. शाळेच्या विज्ञानपेटीतला नालाकृती चुंबक मी नेला होता. तो फडक्यात गुंडाळून आम्ही पत्र्यावरून फिरवला. जिथे चिकटला तिथे लोखंड, जिथे घसरला तिथे रंगाखाली पुट्टी. फक्त एका मडगार्डवर घसरला. मग मिस्त्रीने सहाही प्लग काढले, भोकांतून थोडे तेल सोडले आणि ते रात्रभर मुरू दिले. दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीला पाना लावून त्याने जोर केला. क्षणभर काही नाही. मग आतून एक जड, ओला निःश्वास आला आणि इंजिन फिरले. जाम नव्हते! शेवटी त्याने इंजिनच्या अंगावर ठोकलेला नंबर चिंधीने पुसला आणि आर. सी. बुकाशी ताडून पाहिला. तोच होता. जन्माचे इंजिन जन्माच्या गाडीत.

त्या पुस्तकावर मध्य प्रदेश राज्याचे नाव होते. १९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशात होता, पुढे मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. एकाच घरी नांदून त्या मोटारीने तीन राज्ये पाहिली होती. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी खास नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत बसते, आणि पूर्वीची नोंदणी असेल तर जुना नंबरही राखता येतो. मोटार रोजच्या वापराला चालत नाही, पण प्रदर्शनाला, जुन्या मोटारींच्या रॅलीला चालते. म्हणजे या गाडीची घडणावळ संपली तर नव्हतीच, उलट वाढली होती. मिस्त्री माझ्या कानाशी लागून म्हणाला, "गुरुजी, चार-पाच लाख कुठे गेले नाहीत."

आता माझे वागणे सांगतो. काकू छपरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तळाच्या पत्र्याला भोक दिसले, की मी मोठ्याने "अरेरे!" म्हणत होतो. मडगार्डवरून चुंबक घसरला, तेव्हा तो घसरलेला मी त्यांना दाखवलासुद्धा. पण इंजिन फिरले तेव्हा आम्ही दोघेही गप्प होतो, आणि नंबर जुळला तेव्हा मिस्त्रीने मला नुसता डोळा घातला. दोष मोठ्याने आणि गुण मनात! बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात, तेच आमचे चालले होते. फरक इतकाच, की इथे रुमालाच्या आत आम्ही दोघे होतो आणि मालकीण बाहेर.

काकूंनी विचारले, "गुरुजी, भंगारवाला तीस हजार म्हणते. मले यातलं काही समजत नाही जी. तुम्ही काही बोलून नाही रायले, म्हणजे मोडीचीच हाये ना?"

मी म्हणालो, "पस्तीस देतो." आणि पाच हजार बयाणा त्यांच्या हातावर ठेवला.

मी खोटे बोललो नव्हतो. परतीच्या वाटेवर मिस्त्रीने तेच सांगितले. "तीस वर्षं हात काळे केले, तवा मले हे दिसते. ते फुकट काहून सांगायचं? डॉक्टर सांगते का फुकट?" हे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही. ज्ञान कष्टाने मिळते, आणि ज्याचे कष्ट त्याचा नफा, हे न मानले तर कोणी पारख शिकणारच नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने हाच वाद मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबते येताहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते गिऱ्हाइकांना सांगावे का? डायोजेनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, बांधील नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. गुरू-शिष्यांत एकमत नाही, तिथे तुमसरच्या वाटेवर मी आणि मिस्त्री काय ठरवणार?

घरी आल्यावर एका वकील मित्राकडून १८७२ चा करार कायदा आणून वाचला. मास्तर माणसाला पुस्तकाशिवाय पाप करण्याचा धीर होत नाही आणि पुण्य करण्याचाही. सतराव्या कलमात एका घोड्याचे उदाहरण आहे. घोडा बिघडलेला आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असून तो लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भाव बदलल्याची खबर असली, तरी ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. मला हायसे वाटले. पण तिथेच दुसरे उदाहरण आहे: घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगण्याचे कर्तव्य येते. आणि तिसरे असे, की घेणारा म्हणाला, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असे मी धरीन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच.

मी पुस्तक मिटले. इथे घेणारा मी होतो आणि विकणाऱ्या काकू, एवढाच उलटापालट; कोर्टात त्याचा काय अर्थ लागेल ते वकील जाणोत. पण तिसऱ्या उदाहरणातले वाक्य काकूंनी मला जवळजवळ तसेच विचारले होते. आणि त्यांनी ते व्यापाऱ्याला नव्हे, गुरुजींना विचारले होते.

तरीही मी आठ दिवस गेलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण ते आठ दिवस मी मोटारीचा रंग ठरवण्यात घालवले. मनाची एक खोली न्याय करीत होती आणि दुसरीत मी पडदे लावीत होतो.

सुट्टी संपून शाळा उघडली आणि सहामाहीचे उरलेले पेपर पुढे आले. एका मुलाच्या पेपरात माझ्याच बेरजेत सहा गुण कमी पडलेले दिसले. मुलाने तक्रार केली नव्हती. करणार कशी, त्याला माहीतच नव्हते. मी गुण वाढवून सही केली. हे मी वर्षानुवर्षे करतो आणि त्यात थोरपणा आहे असे कधी वाटलेही नाही. ज्याला बेरीज येत नाही त्याची बेरीज ज्याला येते त्याने बरोबर करावी, एवढेच. लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो.

रविवारी गेलो. काकूंना सगळे सांगितले: चासी, इंजिन, नंबर, २०२१ चे नियम, मिस्त्रीने सांगितलेला आकडा. नागपूरकडे जुन्या मोटारींचे शौकीन आहेत, दोघातिघांना दाखवल्याशिवाय देऊ नका, असेही म्हणालो. मिस्त्रीने त्यानंतर माझ्याशी बोलणे टाकले. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचेही चुकले नाही. मी त्याची विद्या त्याला न विचारता वाटून टाकली होती, आणि त्या दोन दिवसांच्या मजुरीचे तेवढे पैसे देऊन ती फिटली असे मला वाटत नाही.

काकू ऐकत होत्या. आनंद दिसला नाही, रागही नाही. मग त्या म्हणाल्या, "मंग त्या दिवशी काहून नाही बोलले, गुरुजी?"

माझ्यापाशी सिसेरो होता, करार कायदा होता. त्यातले काहीच उपयोगाचे नव्हते. मी खाली पाहत राहिलो.

त्या आत गेल्या आणि बयाण्याच्या नोटा घेऊन आल्या. मी दिल्या होत्या त्याच, त्याच रबराने बांधलेल्या. माझ्या हातात देत म्हणाल्या, "मोजून घ्या जी."

इतक्या वर्षांत त्या घरी कोणी मला मोजून घ्यायला सांगितले नव्हते. मी मोजल्या.