कोरी वही आणि हरताळ

कोणत्याही कलेचीं साधनें जमविणें आणि ती कला साधणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हें सर्वांस मान्य असूनही व्यवहारांत त्यांची गल्लत करीत नाहीं असा मनुष्य विरळा. तंबोरा भिंतीस टांगून ठेवणारा गवई होत नाहीं, हें आपणांस तत्काळ उमगतें. परंतु उत्तम कागद, नानाविध शाया, कुंचले व ठसे कपाटांत रचून ठेवणारास आपण कलेच्या वाटेवर आहों असें खुशाल वाटत राहतें. हल्लीं शहरांतील कागदाच्या दुकानांत जावें तर नक्षीदार चिकटपट्ट्या, जलरंगांसाठीं जाड कागद, सोनेरी शाईच्या लेखण्या, कागदाचीं कापीव फुलें यांची रास मांडलेली दिसते. चित्रें, कात्रणें, वाळलेलीं पानें आणि चार ओळींचा मजकूर यांनीं सजविलेली रोजनिशी ठेवण्याची हौस मुलांत व मोठ्यांतही बरीच वाढली आहे. ती हौस वाईट म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. आपल्या माणसांच्या आयुष्याची वही सुंदर करावी हें ठीक. परंतु त्या सौंदर्यासाठीं सत्याला कोठपर्यंत मुरड घालावी? आणि वही बिघडेल ह्या भीतीनें ती कोरीच ठेवणें हा सौंदर्याचा आदर म्हणावा कीं कर्तव्याची टाळाटाळ? गेल्या उन्हाळ्यांत ह्या प्रश्नांनीं आम्हांस राहू येथें गांठलें.

राहू हें पुणें जिल्ह्याच्या दौंड तालुक्यांतील, मुळा-मुठेच्या कांठचें, उंसाचें गांव. आमचे थोरले बंधू तेथें शेती पाहतात, आणि आम्ही नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झाल्यापासून सुटीपुरते तेथें जातों. बंधूंची नात तेरा वर्षांची आहे. दुपारीं जेवणें आटोपलीं कीं ओसरीवर तिचा कारखाना सुरू होतो. भांडवल म्हणाल तर वर्षभरांत आलेल्या लग्नपत्रिका, पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका, जुन्या लुगड्याची किनार, दाभण, मेण लावलेला दोरा आणि वाटीभर मैद्याची खळ. रंग म्हणून हळद, कुंकू, दिव्याची काजळी आणि शाळेंतील जलरंगांची अर्धी संपलेली पेटी.

एके दिवशीं आम्ही मोठ्या प्रौढीनें तिला मदत करावयास बसलों आणि एक ताव आडवा दुमडला. "आजोबा, तसा नाहीं वाकत तो, असा वाकतो," असें म्हणून तिनें तो आमच्या हातून घेतला व फिरवून दुमडला. तिचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. यंत्रावर होणाऱ्या कागदांत तंतू बहुतांशीं एकाच दिशेनें पडतात. त्या दिशेनें घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर कागद कुरकुरतो आणि कड फुटते. शिवाय खळीच्या ओलीनें कागद फुगतो तोही तंतूंच्या आडव्या बाजूस अधिक. म्हणून पानें काय किंवा पुठ्ठा काय, तंतू वहीच्या पाठीशीं समांतर राहतील असे कापावे, नाहीं तर वही कायमची वांकडी राहते. जुजबंदीही ती नीट करते. चारचार तावांची घडी करून एकेक जुज बनवावयाचें, घडीच्या शिरेवर दाभणानें भोंकें पाडावयाचीं आणि दोरा एका जुजांतून दुसऱ्यांत ओवीत न्यावयाचा. बांधणीवाले कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालतात. परंतु तें विष असल्यामुळें तिच्या आजीनें त्यास मनाई केली आहे, व ती रोजची खळ रोज शिजविते.

हें पाहतां पाहतां आम्हांस आमच्या पुण्याच्या कपाटांतील एका वहीची आठवण झाली, आणि मन चरकलें.

वीसएक वर्षांपूर्वीं आम्हीं हातकागदाची एक जाडजूड वही विकत घेतली होती. हातकागदाचा हा धंदा आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. जुन्नर येथें तो कित्येक पिढ्या चालत होता. तिकडे दौलताबादेजवळचा कागजीपुरा तर नांवानेंच आपला धंदा सांगतो. गिरणीच्या कागदापुढें हा धंदा बसत चालला असतां के. बी. जोशी यांच्या खटपटीनें पुण्यास १९४० सालीं हातकागदाची संस्था उभी राहिली. ह्या कागदाची कृति मोठी बोधप्रद आहे. सुती चिंध्या किंवा कपड्यांचीं कातरणें कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो हौदांतील पाण्यांत ढवळून चाळणीवर उचलावयाचा, एकेक ताव कापडावर उलटा करून दाबाखालीं पाणी काढावयाचें, मग वाळवून, खळ देऊन, घोटून गुळगुळीत करावयाचा. लाकडाच्या भरड लगद्याचा वर्तमानपत्री कागद त्यांतील लिग्निन नामक द्रव्यामुळें उजेडांत थोड्याच काळांत पिवळा पडतो. राळ व तुरटी दिलेला गिरणीचा कागद आम्लानें कांहीं दशकांत ठिसूळ होतो. सुती चिंध्यांचा चांगला कागद मात्र शतकें टिकूं शकतो.

इतका टिकाऊ कागद आम्हीं कशासाठीं घेतला होता? आमच्या मातोश्रींच्या आठवणी लिहून घेण्यासाठीं. त्यांचें माहेर, पहिल्या गुऱ्हाळाची हकीकत, जात्यावर म्हणावयाच्या ओव्या, पुरणाचें प्रमाण, कोणा चुलत्याचा रुसवा, हें सर्व त्या वहींत उतरावें असा आमचा संकल्प होता. परंतु पहिल्या पानावर काय लिहावें हेंच ठरेना. अक्षर सुरेख हवें. तेव्हां बोरू आणला. शाई न उडणारी हवी. तेव्हां काजळाची शाई मिळविली. कडेस वेलबुट्टी हवी. तेव्हां त्यासाठीं नमुने जमविले. साधनें वाढत गेलीं, आणि वही कोरी राहिली. तीन वर्षांपूर्वीं मातोश्री गेल्या. वही अद्याप कोरीच आहे.

इतके दिवस आम्ही ह्या वर्तनास आदर समजत होतों. इतक्या चांगल्या कागदावर खाडाखोड कशी करावी, असें म्हणत होतों. आतां वाटतें, तो आदर नव्हता. आपलें अक्षर, आपली भाषा आणि आपलें प्रेम हें सर्व निर्दोषच दिसलें पाहिजे असा तो अभिमान होता. ज्या कागदास डाग लागूं नये म्हणून आम्ही जपलों तो मुळांत लोकांच्या मळक्या, विटक्या कपड्यांचाच झालेला! जुने लेखक पोथीच्या शेवटीं वाचकांस विनवीत कीं हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून व मूर्खाच्या हातापासून जपा. परंतु ही विनवणी पोथीच्या शेवटीं असे. पाठ मोडेपर्यंत आधीं लिहिणें आणि मग जपावयास सांगणें, असा त्यांचा क्रम होता. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला तोही सजविलेल्या वह्यांतून निघाला नाहीं. गडबडींत लिहिलेलीं पत्रें हेंच अशा साधनांचें धन. लिहिणारांनीं कागद सुंदर दिसेल कीं नाहीं याची वाट पाहिली असती तर आपणांस काय मिळालें असतें?

तिकडे राहूस त्या मुलीनें वयाच्या नवव्या वर्षींच आपल्या पणजीची वही करून ठेविली होती. तिनें ती आम्हांस दाखविली तेव्हां आम्ही कांहीं वेळ बोलूं शकलों नाहीं. पहिल्याच पानावर कुंकवांत बुडविलेला मातोश्रींचा आंगठा. पुढें त्यांच्या औषधाच्या पुडीचा कागद, लुगड्याच्या किनारीचा तुकडा, पुरणाचें प्रमाण (त्यांतील ऱ्हस्वदीर्घ सर्व चुकलेले), आणि एका पानावर गुळाचा मोठा डाग, ज्याला मुंग्यांनीं एका कोपऱ्यांत भोंक पाडलें आहे. खालीं पणजी जें बोलली तें जसेंच्या तसें लिहिलेलें. त्यांतच हें वाक्य होतें: "धाकट्यानं वही आणलीया म्हनं. बसंल कवा तरी."

धाकटे म्हणजे आम्ही.

मुलीनें मोठ्या विश्वासानें सुचविलें, कीं आपण हें सर्व तुमच्या चांगल्या वहींत सुवाच्य अक्षरांत उतरवूं या. शुद्धलेखन तुम्हीं तपासावें. आणि आम्हांस सांगावयास लाज वाटते, पण आमच्या मनांत पहिला विचार आला तो हा, कीं उतरवितांना तें एक वाक्य सुटलें तर कोणाच्या ध्यानांत येणार आहे?

मराठींत हरताळ फासणें असा जो वाक्प्रचार आहे त्याचा उगम पोथ्यांत आहे. नकल करतांना चूक झाली कीं लेखक तेवढ्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देई व वर शुद्ध अक्षर लिही. त्यांत कांहीं गैर नव्हतें, कारण पुढ्यांत मूळ प्रत असे आणि चूक त्याची स्वतःची असे. पणजीच्या वहींत मूळ प्रत म्हणजे खुद्द पणजी. ती आतां नाहीं. तिच्या शब्दांवर लेप दिला तर तो आमच्या चुकीवर बसणार नाहीं, तिच्या तोंडावर बसेल.

यावर कोणी म्हणेल, मग काय, प्रत्येक कडू शब्द चिकटवून ठेवावयाचा? दुसऱ्याचें मन दुखवील असें पान वगळण्यांत दया नाहीं काय? आहे, आणि ही शंका रास्त आहे. त्याच वहींत वहिनींच्या हातच्या आमटीविषयींही एक तिखट शेरा होता. तो ठेवावा कीं गाळावा, हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं असें वाटून आम्हीं तो वहिनींनाच वाचून दाखविला. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "राहूं द्या, त्या म्हणायच्याच तसं." त्या नको म्हणाल्या असत्या तर आम्हीं तें पान बाजूस ठेविलें असतें, व त्यांत आम्हांस अपराध वाटला नसता. दुसऱ्याची जखम झांकण्यासाठीं एखादें पान मिटून ठेवणें निराळें, आणि स्वतःची लाज झांकण्यासाठीं तें पुसणें निराळें. गाळलेल्या ओळीमुळें सुटका कोणाची होते, एवढें विचारलें म्हणजे बहुधा उत्तर मिळतें. आमच्या बाबतींत सुटका आमचीच होणार होती.

तेव्हां पणजीची वही उतरावयाची नाहीं, असें आम्हीं मुलीस सांगितलें. डाग, मुंग्यांचें भोंक आणि ऱ्हस्वदीर्घ जसे आहेत तसे राहतील. फक्त औषधाच्या पुडीचा कागद ठिसूळ झाला होता. त्याच्या मागें पातळ कागदाचा आधार खळीनें लावला, आणि वही उन्हाच्या व चुलीच्या वाटेवरून उचलून पेटींत ठेविली. जपणुकीस एवढें पुरे.

पुढल्या खेपेस आम्हीं आमची कोरी वही राहूस नेली. तींत आतां आम्हांस जें आठवतें तें आम्ही लिहिणार. तें थोडें आहे. गुऱ्हाळाची हकीकत अर्धीच आठवते, आणि ओव्यांपैकीं तर दोनतीनच. जें आठवत नाहीं तेथें वेलबुट्टी काढून जागा भरावयाची नाहीं, असें आम्हीं ठरविलें आहे. पहिल्या पानावर काय लिहावें हा वीस वर्षांचा प्रश्न मात्र सुटला होता. ओसरीवर मुलीशेजारीं बसून आम्हीं बोरू शाईंत बुडविला आणि मातोश्रींचें तेंच वाक्य लिहावयास घेतलें. कागदास खळ कमी पडली असावी. दुसऱ्याच अक्षराला शाई पसरली.

"आजोबा, फुटली," मुलगी म्हणाली.

"फुटूं दे," असें म्हणून आम्हीं बोरू निथळला आणि पुढचें अक्षर काढलें.