किल्ली देण्यापूर्वी

ज्याला अजून गाडी नीट चालवता येत नाही, त्याने पहिली गाडी कोणती घ्यावी? हा प्रश्न शोरूममध्ये सोडवायचा आहे, त्यात नीतीचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. आम्हाला तो नीतीचाच प्रश्न वाटतो. पैसे कोणाचे, हप्ता किती, अॅव्हरेज किती, याचा हिशेब घरोघर होतो. परंतु जी शक्ती पेलण्याची तयारी झालेली नाही ती एखाद्याच्या हाती द्यावी काय, आणि दिल्यावर जे घडेल त्याचा जाब कोणी द्यायचा, याचा हिशेब करताना आम्ही फारसे कोणाला पाहिलेले नाही.

आमचे पिंप्राळे आता नावापुरतेच गाव उरले आहे. ते केव्हाच जळगाव शहरात मिसळले. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला धुळ्याकडून भुसावळकडे जाणारा महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न आहे. क्रमांक बदलला तरी वाहतूक तीच. केळीचे ट्रक, एस.टी., ट्रॅव्हल्स, ट्रॅक्टर, त्यांच्यातून वाट काढणाऱ्या सायकली आणि शाळेच्या रिक्षा. समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांनी आंदोलने केली, ती हौसेखातर नव्हेत. आमची मुले मोटरसायकल शिकतात ती याच रस्त्यांवर. शिकतात म्हणजे मित्राची गाडी मोकळ्या पटांगणात दोन-तीन संध्याकाळी फिरवतात, मग आरटीओसमोर इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवतात, आणि त्यानंतर शिक्षण संपते.

हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीला पडला नाही, कारण निवडीला वावच नव्हता. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली. सात-आठ अश्वशक्तीची ही गाडी घरात एकच असे, आणि ती अब्बांची असे. मुलाच्या हाती ती यायची ती अब्बांच्या परवानगीने आणि कामापुरती: दळण आण, फुफूला स्टँडवर सोड. १९८३ च्या सुमारास आलेली राजदूत-३५० ही जबरदस्त गाडी होती, पण ती पाहायला आणि बोलायला. मग २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि दीडशे, एकशेऐंशी हे आकडे पोरांच्या तोंडी बसले. २०१२ मध्ये केटीएमची दोनशेची ड्यूक आली. पंचवीस अश्वशक्ती, म्हणजे अब्बांच्या गाडीच्या तिप्पट, आणि मिसरूड फुटलेल्या मुलाची ती पहिलीच गाडी! पुढच्याच वर्षी तीनशेनव्वदची आली, तिची ताकद चाळीसच्या वर. निवड आली आणि तिच्याबरोबर जबाबदारीही आली. निवडीचे स्वागत जेवढे झाले तेवढे जबाबदारीचे झाले नाही.

मध्यंतरी एक पालक आम्हाला शाळेत भेटायला आले. डाळ मिलमध्ये हमाली करून त्यांनी मुलाला बारावीपर्यंत शिकवले. मुलाला एका दुकानात काम लागले होते. ते म्हणाले, "सर, पोरगा अडून बसलाय. घ्यायची तर दोनशेचीच घ्या, नाहीतर घेऊच नका म्हणतो. शंभरच्या गाडीवर मित्र हसतील म्हणतो. तुमचं ऐकेल तो, समजवा जरा."

त्या मुलाचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छित नाही. मोहल्ल्यातल्या मुलाकडे कोण पाहते? नोकरीच्या मुलाखतीत त्याचे नाव वाचून पुढचा माणूस क्षणभर थांबतो, हे त्याला कळते. भाड्याने खोली मागायला गेला की काय ऐकावे लागते, हेही त्याला ठाऊक असते. पण चौकात गाडीचा आवाज झाला की सगळ्या माना वळतात. ज्याला एरवी कोणी मोजत नाही, त्याला त्या अर्ध्या मिनिटात आपण कोणीतरी आहोत असे वाटते. ही भूक खरी आहे. तिला 'आजकालची पोरं' म्हणून उडवून लावणारे मौलवीसाहेब आणि आमच्यासारखे गुरुजी, दोघेही तिला उत्तर देत नाहीत.

मुलाकडे दुसराही एक मुद्दा होता आणि तो कच्चा नव्हता. तो म्हणाला, "सर, मोठ्या गाडीला ब्रेक चांगला असतो." हे खरे आहे. सरकारने २०१८-१९ मध्ये एबीएस सक्तीचे केले ते एकशेपंचवीस सीसीच्या वरच्या गाड्यांना. त्याखालच्या गाड्यांना साधी जोडब्रेकची पद्धत पुरेशी मानली. म्हणजे ओल्या रस्त्यावर चाक न अडकण्याची सोय ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला मिळाली, आणि शंभरच्या गाडीवर बायको-मुलांना घेऊन जाणारा हमाल तिच्याविना राहिला. गरिबाचा जीव स्वस्त धरणारा हा नियम आम्हाला मुळीच पटलेला नाही. पण त्या मुलाला गाडी हवी होती ती ब्रेकसाठी नव्हे, आणि हे त्यालाही ठाऊक होते. बोलता बोलता तो हसला.

आता नवशिक्याच्या हाताचा विचार करा. मोटरसायकलच्या उजव्या मुठीत दोन गोष्टी एकत्र आहेत: वेग वाढवणारी मूठ आणि पुढचा ब्रेक. समोर अचानक कुत्रे आले, खड्डा आला, की घाबरलेला माणूस हात आवळतो. हा शरीराचा स्वभाव आहे. आवळताना मूठ थोडी पिळली जाते. आठ अश्वशक्तीची गाडी अशा वेळी एक हिसका देते आणि बंद पडते. पंचवीसची गाडी उडी घेते. घाबरल्यावर मूठ सोडायची आणि ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. हजार वेळा केल्यावर बोटांना येते. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे 'अरे' म्हणेपर्यंत आमच्या वर्गाची दुप्पट लांबी ओलांडली जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. विज्ञानाच्या तासाला हे सूत्र मुले पाठ करून घडाघडा म्हणतात, आणि शाळा सुटली की विसरतात.

इमाम गज़ाली यांनी 'इह्या'मध्ये माणसाच्या अंतःकरणासाठी शिकाऱ्याचा दाखला दिला आहे. बुद्धी हा स्वार, वासना हा त्याचा घोडा आणि क्रोध हे त्याचे कुत्रे. स्वार तरबेज असेल आणि घोडा व कुत्रे शिकवलेले असतील तर शिकार साधते. स्वारच अडाणी निघाला तर शिकार राहिली बाजूला, त्याचाच जीव धोक्यात येतो. आमच्या मनात येते की गज़ालींच्या घोड्यालासुद्धा स्वतःचा जीव होता. खंदक दिसला की घोडा अडतो. आमच्या लहानपणी टांग्याचे घोडे मालकाला डुलकी लागली तरी घर गाठत, असे मोठी माणसे सांगत. यंत्राला अशी भीती नाही. कारखान्याने पंचवीस घोड्यांचे बळ एकत्र बांधले आणि त्यातली पंचवीस घोड्यांची भीती काढून टाकली. ती सगळी भीती आता एकट्या स्वाराने बाळगायची आहे, आणि अठरा वर्षांच्या मुलाजवळ नेमकी तीच कमी असते.

मग कोणाच्या हाती काय द्यावे? याबाबत आपल्या परंपरेत एक स्पष्ट विचार आहे, पण तो आपण मालमत्तेच्या वाटणीपुरताच वाचतो. सूरह निसाच्या आरंभी अनाथांच्या मालाबद्दल हुकूम आहे. त्याचा आशय असा की, पालकाने त्यांची पारख करीत राहावे, ते वयात आल्यावर त्यांच्यात समज दिसली तर त्यांचा माल त्यांच्या हवाली करावा. इथे वय आणि समज या दोन वेगळ्या अटी आहेत. या समजेला 'रुश्द' म्हणतात. आणि पारख वयात येण्यापूर्वीपासून करायची आहे. फुकहांनी याचा अर्थ असा लावला की थोडा माल हाती देऊन पाहावे, व्यवहार कसा करतो ते बघावे. माल मुलाचा स्वतःचा, हक्काचा आहे. तरीही एकदम नाही.

आम्ही आलिम नाही, शाळेत शिकवतो. पण जो नियम पैशाला लागू आहे तो जिवाला लागू करण्यात काही चूक आहे, असे आम्हाला वाटत नाही. उधळलेला पैसा पुन्हा मिळवता येतो.

या जागी इमाम अबू हनीफा आणि त्यांचे दोन शागीर्द यांच्यात मतभेद झाला. इमामसाहेबांचे म्हणणे असे की पंचविसाव्या वर्षी माल हवाली करावा, रुश्द दिसो वा न दिसो. त्या वयाच्या माणसाला अडवून ठेवणे हा त्याच्या माणूसपणाचा अपमान आहे. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद म्हणाले, रुश्द दिसेपर्यंत नाही, मग वय कितीही होवो. आजच्या कायद्यांकडे पाहिले की हा जुना वाद पुन्हा दिसतो. युरोपात २०१३ पासून पायऱ्यांची पद्धत आहे: सोळाव्या वर्षी एकशेपंचवीस सीसीपर्यंतची गाडी, अठराव्या वर्षी मधल्या ताकदीची, त्यावर दोन वर्षे काढून परीक्षा दिली की कोणतीही, आणि थेट मोठ्या गाडीवर बसायचे तर वयाची चोविशी गाठावी लागते. जपानमध्ये चारशे सीसीच्या वर वेगळे लायसन लागते. म्हणजे त्यांनी दोन्ही बाजूंचे थोडे थोडे घेतले. आपल्याकडे गियरच्या मोटरसायकलचे लायसन एकच. शंभरच्या गाडीवर आठचा आकडा काढला की त्याच कागदावर हजार सीसीची गाडी चालवता येते. ना वयाची पायरी, ना रुश्दची. सरकारने पारख सोडून दिली तेव्हा ती घरावर येऊन पडली, आणि घराला त्याची खबर नाही.

अठराच्या आतल्या मुलाला गाडी देण्याबाबत मात्र कायदा २०१९ पासून कडक झाला. अशा मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. पुन्हा तोच पंचविसाचा आकडा! १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे मोटारीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, आणि त्यातली एक अट होती अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. लोक खवळल्यावर मंडळाने आदेश बदलला. निबंध तपासणे हा आमचा रोजचा धंदा आहे. तीनशे शब्दांत मुले काय लिहितात ते आम्हाला चांगले माहीत आहे. पण ती घटना श्रीमंतांची म्हणून आपण बोटे मोडली आणि मोकळे झालो. तिथे कोट्यवधींची मोटार होती, आपल्याकडे हप्त्यावरची दोनशेची आहे. किल्ली देणारा हात दोन्हीकडे बापाचाच आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची होती. ती पोर्शेवाल्यांची मुले नव्हती.

अपघात झाला की आपल्या लोकांच्या तोंडी शब्द येतो, 'तकदीर'. जनाज्याच्या वेळी तो शब्द आधार देतो, आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण किल्ली देताना तो वापरता येत नाही. उंट बांधू की अल्लाहच्या भरवशावर सोडू, असे विचारणाऱ्याला पैगंबर साहेबांनी (स.) आधी बांधायला सांगितले, मग भरवसा ठेवायला. शिवाय शरीयतमध्ये नकळत घडलेली हत्यासुद्धा मोकळी सुटत नाही. मृताच्या वारसांना दियत द्यावी लागते, आणि गुलाम मुक्त करण्याची ऐपत नसेल तर लागोपाठ दोन महिने रोजे. इरादा नव्हता हे मान्य करूनही प्रायश्चित्त सांगितले आहे. माणसांच्या हक्कांचा, हुकूकुल इबादचा, मामला असा आहे की ज्याचा हक्क गेला त्याने माफ केल्याशिवाय तो मिटत नाही. मगरिबनंतर रस्ता ओलांडणारे म्हातारे बाबा, चप्पल सावरत शाळेला पळणारी मुलगी, यांना तुमच्या मुलाच्या हौसेत सामील व्हायचे आहे का, हे कोणी विचारलेले नसते.

त्या हमालबंधूंना आम्ही जे सांगितले ते असे: जुनी शंभरची घ्या. दोन पावसाळे त्याला चालवू द्या. हेल्मेट नवे घ्या, जुने नको. एकदा त्याच्या मागे बसून भुसावळपर्यंत जाऊन या, तो कसा चालवतो ते पाठीमागून कळते. मग दोनशेची मागितली तर अडवू नका. मुलाला हे फारसे रुचले नाही. त्याचे म्हणणे, "दोन वर्षांनी किमती वाढतील." वाढल्याही असतील.

पण मुलगा ऐकेल की नाही यापेक्षा आम्हाला दुसरीच गोष्ट जास्त सतावते, आणि ती आपल्या समाजाच्या मध्यभागी उभी आहे. खानदेशातल्या आपल्या कितीतरी निकाहांत 'गाडी' ठरते. कोणी उघड मागत नाही. 'मुलाला कामावर जायला सोय होईल' एवढे बोलले जाते, आणि मग बुलेट की पल्सर हे मध्यस्थ सांगतो. जहेज देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे, आणि मेहर देण्याची जबाबदारी शरीयतने नवऱ्यावर टाकली आहे, याची आठवण त्या बैठकीत कोणी काढत नाही. वधूपिता बिचारा कर्ज काढतो, सूद भरतो. मांडवात फुलांनी सजवलेली गाडी उभी राहते. हार घातलेला नवरदेव तिच्यावर बसून फोटो काढतो. त्याने आजवर मित्राच्या गाडीवर पाठीमागे बसून प्रवास केलेला असतो, हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत असते. आणि चार दिवसांनी माहेरी पाठवणीसाठी त्याच गाडीवर, त्याच्या पाठीमागे, एका हाताने बुरखा सावरत, हेल्मेट न घालता जी बसते, ती त्याच बापाची मुलगी असते. तिच्या बापाने हुंडा किती, मेहर किती, पंगती किती, हे सगळे विचारलेले असते. जावयाला गाडी चालवता येते का, हे त्याने विचारलेले नसते.